शोभाबाईंचे दहा ग्रॅम

माझ्या कामाच्या जागी जो वजनकाटा आहे, तो पाच ग्रॅमच्या पावलांनी चालतो. पाच, दहा, पंधरा. मधल्या दोन-तीन ग्रॅमांबद्दल तो काही बोलत नाही. बाजारात भाजीवाल्यानं पावकिलोत थोडं कमी दिलं तर मी वाद घालत नाही. पण या काट्यावर पाच ग्रॅम इकडचे तिकडे झाले की मला चैन पडत नाही. या काट्यावर आम्ही माणसं तोलतो. दोन किलोची, दीड किलोची, क्वचित त्याहूनही कमी.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात नवजात बाळांच्या विभागात परिचारिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षं याच विभागात गेली. पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात, "तुमचं काम किती छान, दिवसभर बाळांशी खेळायचं." खेळायला आम्हाला वेळ नसतो आणि त्या बाळांना ताकद नसते. आमचं काम मोजण्याचं. अंग किती गरम, श्वास किती, दूध किती गेलं, लंगोट किती वेळा ओला झाला आणि रोज सकाळी वजन किती. बाळ सांगू शकत नाही, म्हणून आकड्यांना विचारावं लागतं.

आकड्यांवर माझा विश्वास आहे. सल्ल्यांवर तेवढा राहिलेला नाही, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत उलटेसुलटे झाले.

माझा जन्म सेलू तालुक्यातल्या खेड्यातला. आई मजुरीला जायची. पहिला घट्ट चीक वाईट समजून तिनं तो पिळून टाकला होता आणि मला गुळाच्या पाण्यात बुडवलेलं बोट चोखायला दिलं होतं. पण पुढे तिनं मला अंगावेगळं केलं नाही. निंदणाला गेली तर बांधावर झोळी, रडले की छातीशी. मी परिचारिकेचं शिक्षण घेतलं तेव्हा आम्हाला शिकवलं की चीक टाकायचा नाही. ते योग्यच होतं. पण सोबत हेही शिकवलं, की बाळ वेगळं झोपवा, दर तीन तासांनी घड्याळ पाहून पाजा, रडलं की लगेच उचलू नका, दूध कमी वाटलं तर डब्याचं पावडरीचं दूध सुरू करा. माझी मुलगी झाली तेव्हा मी तसंच केलं. एकदा अकरा वाजायला बराच अवकाश होता, मुलगी रडून लाल झाली होती आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले होते. माझी आई दारात उभी राहून म्हणाली, "घड्याळाले भूक लागन तवा पाजजो."

आता आम्ही काय सांगतो? बाळ मागेल तेव्हा पाजा. उचला, जवळ घ्या, उघड्या छातीशी बांधून ठेवा. बाटली नको. डबा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. ज्या बाळाला ओढून पिता येत नाही त्याला चोच असलेल्या छोट्या वाटीनं पाजा. ती वाटी म्हणजे आमच्या आज्यांच्या घरचं बोंडलं. मध्यंतरी आम्हीच ते मागासलेलं म्हणून बंद केलं होतं. आता ते स्टीलचं, उकळलेलं, आमच्याच ट्रेमध्ये असतं.

गंमत अशी, की हल्ली नातवंडांसोबत ज्या आज्या येतात त्या माझ्या वयाच्या आहेत. लोकांना वाटतं त्या पणजीच्या काळचे सल्ले आणतात. तसं नाही. एकीला मी म्हटलं, बाळाला छातीशी घेऊन बसा. ती म्हणाली, "हाताची सवय लागन ना सिस्टर. रडू द्या थोडं, फुफ्फुसं मोकळे होते."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्यासारख्याच एका सिस्टरनं. माह्या पोरीच्या वेळेस."

मी बाळ तिच्या हातात दिलं.

सगळ्या तऱ्हेचे लोक येतात. एका आजीनं जायफळ, हळकुंड उगाळून केलेली घुट्टी डबीत घालून आणली होती आणि पकडल्यावर म्हणाली, "हे औषध नाई, परसाद हाय." एक तरुण बाप बाळाचं प्रत्येक पाजणं मोबाइलमध्ये भरायचा आणि रोज मला आलेख दाखवून विचारायचा, "मॅडम, आज रेषा खाली काऊन आली?" मला तो आवडायचा. पण मी लिहायला बसले आहे ते शोभाबाईंबद्दल. त्यांच्यामुळे मला पहिल्यांदा आकड्यासमोर हात जोडावेसे वाटले.

शोभाबाई केळझरच्या. वय सत्तेचाळीस. घरी छोटं किराणा दुकान, तिथे नवरा बसतो. मुलगा अक्षय, सून प्रियंका. प्रियंकाला आठव्या महिन्यात रक्तदाब वाढून झटके आले. बाळ घाईनं काढावं लागलं. आई आणखी बिघडली, किडन्या काम करेनात, म्हणून तिला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. अक्षय तिच्यासोबत गेला. सोळाशे ग्रॅमचा मुलगा आमच्याकडे राहिला आणि त्याच्यासोबत आजी.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नळापाशी. बाई हात धुतच होत्या, कोपरापर्यंत, साबण लावून, पुन्हा पुन्हा.

"झाले धुवून, चला आता," मी म्हटलं.

"नाई सिस्टर. प्रियंकानं सांगतलं हाय, कोपरापर्यंत. मधात घाई नाई कराची."

मग बाळाजवळ बसल्या बसल्या त्यांनी सगळं सांगितलं. प्रियंका शिकलेली. दिवस गेल्यापासून फोनवर व्हिडिओ पाहायची आणि सासूला पढवायची. "घुट्टी नाई, काजळ नाई, मध नाई, पावडर नाई, काळा दोरा नाई. म्या म्हटलं, मंग मी तरी घरात राहू का नाई, तेबी सांगून दे!" शोभाबाई हसल्या नाहीत. "यावरून लय बोलणं झालं आमचं. आठ दिवस अबोला होता. अन् त्यातच तिले झटके आले."

"मग आता काजळ लावणार का?" मी सहज विचारलं.

"कशी लावू? ती तिथं बेशुद्ध पडली हाय. तिच्या माघारी मोडलं तं उठल्यावर विचारीन ना मले." मग म्हणाल्या, "विचारू दे. उठू तं दे."

बाळाचं मात्र काही जमत नव्हतं. आईचं दूध मिळण्याचा मार्ग नव्हता. दुसऱ्या आयांचं दूध साठवून देणारी पेढी आमच्याकडे नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं डब्याचं दूध बोंडल्यानं पाजलं की त्याचं पोट टम्म फुगायचं. मग दूध थांबवायचं, सलाईन लावायचं, पुन्हा थेंबाथेंबानं सुरू करायचं. इतर बाळांचं वजन रोज थोडं चढतं, याचं दोन पावलं पुढे, दोन मागे. अशी बाळं कधी हातची जातात ते मला माहीत आहे. शोभाबाईंनाही न सांगता कळलं होतं. रोज काट्यापाशी त्या एकच शब्द विचारायच्या, "किती?"

बाळ गरम राहावं म्हणून त्याला कुणाच्या तरी उघड्या छातीशी बांधणं भाग होतं. आई नाही तर आजी. शोभाबाई आधी लाजल्या, मग पडद्याआड बसल्या. फक्त लंगोट आणि टोपडं घातलेलं ते पोर बेडकासारखे पाय दुमडून त्यांच्या छातीवर पसरलं आणि आम्ही वरून कापड बांधलं. एका सकाळी तिकडून हाक आली.

"सिस्टर! अवं सिस्टर! हा पाहा ना काय करून राह्यला!"

मी जाऊन पाहते तर पोर सरकत सरकत खाली गेलं होतं आणि त्यानं आजीला तोंड लावलं होतं. बोंडल्यातले चार थेंब गिळून दमणारं हे बाळ, पण जबडा नेटानं हलत होता.

"काढा ना त्याले. कोरडी ठाक हाय मी. उगाच फसवणूक लेकराची."

मी बोट घालून त्याचं तोंड सोडवणार, एवढ्यात मागून आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "थांबा सिस्टर." मॅडम तरुण, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी तिथेच स्टूल ओढलं आणि शोभाबाईंना समजावून सांगितलं. दूध बाळंतपणामुळे सुरू होतं, पण टिकतं ते ओढण्यामुळे. बाळ ओढत राहिलं तर कधीकधी अनेक वर्षांपूर्वी बाळंत झालेल्या बाईलाही पुन्हा दूध येतं. आजीला आल्याचंही त्यांनी वाचलं होतं. पाहिलं नव्हतं. येईलच असं नाही. आधी रक्ताच्या सगळ्या तपासण्या कराव्या लागतील. आणि शोभाबाईंची इच्छा असेल तरच.

मी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, "आकडा काय येईल?"

"शून्यही येईल," त्या म्हणाल्या. "पण त्याला ओढायची सवय तरी राहील."

शोभाबाई मान हलवत होत्या. "मले दूधच नव्हतं मॅडम. अक्षयच्या वेळेसही नव्हतं." अक्षय झाला तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुझं दूध पातळ आहे, पुरत नाही. तीन-तीन तासांनी पाजलं, मध्ये डबा दिला, आणि दीड महिन्यात सगळं आटलं. सासूनं गावभर केलं. "अजूनबी कोणाच्या घरी बारशाले गेली का बाया विचारतात, तुलेच नव्हतं ना वं दूध? एवढी वर्षं झाली, पण बाया इसरत नाई."

त्यांना तसं का सांगितलं गेलं असेल हे मला ठाऊक होतं. तो आमच्याच पुस्तकांचा काळ. तीन तासांनी पाजलं आणि मध्ये डबा दिला तर कुणाचंही दूध आटेल. पण त्या वेळी मी एवढंच म्हटलं, "तुमची मर्जी, बाई."

शोभाबाईंनी खाली पाहिलं. पोर अजून ओढतच होतं.

"ह्याले कोणी सांगतलं नाई का, मले नाई म्हणून?" त्या म्हणाल्या. आणि त्यांनी कापड पुन्हा वर ओढून घेतलं.

अक्षय रविवारी कपडे न्यायला आला तेव्हा त्याला सांगणं भागच होतं. पोरगा कानापर्यंत लाल झाला. "आई, काहीबी काय? लोकं काय म्हणतीन?"

"लोकायचं पोट फुगून राह्यलं का? ह्याचं फुगून राह्यलं."

जाताना दारात मला म्हणाला, "सिस्टर, प्रियंकाला मी काय सांगू?" ती तेव्हा शुद्धीवर आली होती, पण बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. मी म्हटलं, "ती विचारेल तेव्हा खरं सांगा."

आता थोडं तंत्र सांगते. नुसत्या कोरड्या छातीला बाळ फार वेळ लागत नाही. म्हणून केसासारखी बारीक नळी घ्यायची, तिचं एक टोक स्तनाग्राशी चिकटपट्टीनं लावायचं आणि दुसरं दुधाच्या वाटीत सोडायचं. बाळ ओढतं, नळीतून दूध येतं, म्हणून ते ओढत राहतं. त्या ओढण्यानं बाईच्या शरीराला निरोप जातो. बाईचं स्वतःचं किती आलं ते कळायला एकच मार्ग, काटा. पाजण्याआधी बाळ तोलायचं, पाजल्यावर त्याच कपड्यांत पुन्हा तोलायचं. मध्ये लंगोट बदलायचा नाही, ओला झाला तरी. वाढलेल्या वजनातून वाटीतलं कमी झालेलं दूध वजा करायचं. जे उरेल ते बाईचं.

उरायचं शून्य. सकाळी शून्य, दुपारी शून्य. शोभाबाई विचारायच्या, "किती?" आणि मी नुसती मान हलवायची. पहिला आठवडा असाच गेला. मला हे सगळं फुकट वाटत होतं, हेही लिहून टाकते.

मग एका दुपारी पाच ग्रॅम उरले.

मी पुन्हा गणित केलं. पाचच. मी म्हटलं, "शोभाबाई, पाच!" त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. शेजारच्या खाटेवरची बाळंतीण टाळ्या वाजवायला लागली. आणि मी बाळ उचलताना माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. झबल्याच्या आत, कमरेला, काळा दोरा होता. दोऱ्यात वेखंडाचा तुकडा आणि एक जुना भोकाचा पैसा. पहिल्या वजनाच्या वेळी तो नव्हता.

शोभाबाईंचा चेहरा उतरला. "तुम्ही रोज रोज तोलता त्याले. इतक्या खेपा कोणी लेकराले तोलते का? नजर लागते. म्हून म्या मधात बांधला. अक्षयचा हाय तो." मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे ते वजन..."

"दोऱ्याचं," मी म्हटलं. दोरा तोलून पाहिला. बरोबर पाच.

आमच्याकडे वजनाची नजर लागते असं मानणारे लोक खूप आहेत. पोराचं वजन विचारलं तर आज्या उत्तर देत नाहीत. शोभाबाईंनी सुनेचे सगळे नियम पाळले, पण माझ्या काट्याची धास्ती त्यांना सहन झाली नव्हती. त्यांनी दोरा हातात घेतला. "तिनं नाई म्हटलं होतं दोऱ्याले," त्या म्हणाल्या. तो त्यांनी पदराच्या टोकाला बांधला. मला वाटलं, आता या उद्यापासून नको म्हणतील. तीन तासांनी त्यांनी स्वतःच नळी पुढे केली. "लावा."

त्यानंतर त्या बाळाला काट्यावर ठेवण्याआधी झबलं उचलून मला दाखवायच्या. "पाहून घ्या, काही नाई." दोन्ही वेळा.

पुढच्या आठवड्यातली एक सकाळ. बाळ नेहमीपेक्षा जास्त वेळ प्यायलं. वाटीतले वीस मिली गेले होते. काट्यावर तीस ग्रॅम वाढले. वीस वजा. दहा.

बाळाचं झबलं वर करून पाहिलं, टोपड्यात बोट फिरवलं. काही नव्हतं. काटा तपासायला आमच्याकडे ठरावीक वजनाचा पोलादी ठोकळा असतो. तो ठेवला, काटा बरोबर होता. वाटी पुन्हा मोजली. मग मी मॅडमना बोलावलं. त्यांनी शोभाबाईंना सांगितलं, दोन बोटांनी हलकेच दाबा.

एक पांढरा थेंब आला आणि तिथेच थांबला.

आयुष्यभर मी दूध पाहिलं आहे. वाट्यांत, कपड्यांवर, बाळांच्या हनुवट्यांवर, माझ्या चपलांवर. दुधाच्या थेंबासमोर मी कधी अशी उभी राहिले नव्हते. शेजारची बाळंतीण तिचं बाळ घेऊन उठून आली होती. ज्या शरीराला कुणीतरी एकदा नाही म्हणून सांगितलं आणि गावानं ते खरं धरलं, त्या शरीरानं कुणालाच काही विचारलं नव्हतं. एक उपाशी पोर ओढत राहिलं, एवढं त्याला पुरलं.

शोभाबाई त्या थेंबाकडे बघत होत्या. "हे माह्यं हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच," मॅडम म्हणाल्या.

"अक्षयच्या वेळेस कोठं गेलं होतं मंग?"



मी हिशोबी बाई आहे, म्हणून फुगवून सांगणार नाही. शोभाबाईंचं दूध कधी पुरेसं झालं नाही. सगळ्यात चांगल्या दिवशी बाळाच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं झालं असेल, बाकी डब्याचंच. पोट फुगणं थांबलं, वजन चढू लागलं, पण ते त्या दुधानंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण त्याच सुमारास बाळ थोडं मोठंही होत होतं. आणि हे वाचून कुणी घरी प्रयोग करू नये. तपासण्या, डॉक्टर आणि काटा, तिन्ही लागतात. एवढं सगळं वजा केलं तरी दहा ग्रॅम उरतात. ते मला वजा करता आलेले नाहीत.

प्रियंका आली तेव्हा बाळ दोन किलोच्या आसपास होतं. ती अक्षयच्या खांद्याचा आधार घेऊन चालत आली. चेहरा ओळखू येऊ नये इतका उतरलेला, हातावर सुयांचे काळेनिळे डाग. तिला सगळं माहीत होतं. बाळ काय पितं असं तिनं विचारलं होतं आणि अक्षयनं खरं सांगितलं होतं. तिचं स्वतःचं दूध त्या आजारपणात आटून गेलं होतं.

शोभाबाईंनी छातीवरचं कापड सोडलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. बाळ रडायला लागलं. प्रियंकानं त्याला जवळ घेतलं तर ते मान वळवून तोंडानं शोभाबाईंना शोधू लागलं. खोलीत सगळ्यांनी ते पाहिलं.

"हा तर तुमचाच झाला, आई," प्रियंका म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मग मी कशाला वाचले?"

शोभाबाई तिच्यासमोर खाली फरशीवर बसल्या.

"अवं पागल, म्या त्याचं फक्त तोंड चालू ठेवलं. दूध तं डब्यातबी भेटते. तो ओढणंच इसरला असता तं तू आल्यावर काय केलं असतं? तोंड कोठून आणलं असतं?" त्यांनी सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मले सत्तावीस वर्षांनी आलं. तुले तं बाळंत होऊन दोन महिनेबी नाई झाले."

मग शोभाबाईच म्हणाल्या, "तुह्ये सारे नियम पाळले. एक डाव दोरा बांधला होता. तो सिस्टरनं पकडला."

"काळा?"

"काळाच. पिवळा कोण बांधते?"

प्रियंका हसायला गेली आणि रडली. नंतर डोळे पुसून तिनं मला विचारलं, "सिस्टर, ती नळी कशी लावतात?"

मॅडमनी प्रियंकाच्या सगळ्या गोळ्या तपासल्या, नागपूरच्या डॉक्टरांशी बोलल्या, एक गोळी बदलली आणि परवानगी दिली. पुन्हा नळी, पुन्हा काटा. फक्त आता वाटीत काय घालायचं हे शोभाबाईंनी ठरवलं. त्या पडद्याआड जाऊन हातानं जेवढं निघेल तेवढं दूध काढायच्या आणि वाटी माझ्या हातात द्यायच्या. वाटीत आजीचं दूध, नळी आईच्या छातीला, आणि ओढणारा दोघींचा. हे मी रोज माझ्या हातानं लावत होते आणि रोज मला क्षणभर थांबावं लागत होतं. कुठल्याही पिढीच्या सल्ल्यात मी हे वाचलं नव्हतं.

वाटी देऊन झाली की शोभाबाई बाहेर जायच्या. त्यांचा वास आला की पोर आईला तोंड लावायचं नाही, म्हणून. फाटकाजवळ कडुनिंबाखाली बाक आहे, तिथे बसायच्या. बाळ मोठ्यानं रडलं तर आवाज तिथवर जायचा. त्या पदर छातीवर घट्ट धरायच्या. ते रडणं ऐकून दूध उतरायचं आणि त्यांचं पोलकं भिजायचं. पण उठून आत आल्या नाहीत.

प्रियंकाचा आकडा शून्य होता. बरेच दिवस शून्य. ती शोभाबाईंपेक्षा लवकर खचायची. "मला नाहीच येणार," म्हणायची. बाहेरून आल्यावर शोभाबाई विचारायच्या, "किती?" मी मान हलवायची. "पोराचं तोंड चालू हाय ना? मंग झालं," असं म्हणून त्या पुढच्या वाटीच्या तयारीला लागायच्या.

एका सकाळी पाच आले. मी कुणालाच सांगितलं नाही. पाच म्हणजे काट्याची एक पायरी. वाटीच्या तळाशी राहिलेलं दूध असू शकतं, माझ्या नजरेची चूक असू शकते. एकदा पाचवर टाळ्या वाजल्या होत्या, ते मी विसरले नव्हते. दुपारच्या वेळेला मी वाटी दोनदा मोजली, काट्यावर ठोकळा ठेवून पाहिला, मग बाळ ठेवलं. वाटीतलं वजा जाता पंधरा उरले. प्रियंका माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी तिला आकडा सांगितला. तिनं बाळाच्या टोपड्यावर तोंड टेकवलं. मग म्हणाली, "आईंना सांगा ना."

मी बाहेर गेले. कडुनिंबाखाली शोभाबाई फाटकाकडे तोंड करून बसल्या होत्या. माझी चाहूल लागताच त्यांनी वळून पाहिलं.

"किती?"

"पंधरा."

त्या उठून उभ्या राहिल्या. "अंगावर काही नव्हतं ना त्याच्या?"

"काही नव्हतं. मी पाहिलं."

"झबलं उचलून?"

"झबलं उचलून."

मग त्या पुन्हा बाकावर बसल्या. पदराच्या टोकाला बांधलेली भोकाच्या पैशाची गाठ त्यांनी मुठीत धरली. पोलकं ओलं झालं होतं, ते झाकायचं त्यांना भान नव्हतं. आतून बाळाचा आवाज येत नव्हता.

"पहिल्याच खेपेले," त्या म्हणाल्या, "माह्याहून पाच जास्त."